‘पाटल्या पॉलिशला टाकल्यात’: संसारातला लपवलेला पैसा

लग्नसराईत कपाट उघडलं आणि पाटल्या दिसल्या नाहीत, तर ‘पॉलिशला टाकल्यात’ हे उत्तर एकदा पटतं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच उत्तर आलं तर पटायला नको. पॉलिशला दिलेलं सोनं आठवडाभरात घरी येतं. न येणारं सोनं बहुधा एखाद्या वित्तसंस्थेच्या तिजोरीत सीलबंद पाकिटात पडलेलं असतं आणि त्याची पावती ऑफिसच्या बॅगेत किंवा स्कूटरच्या डिकीत असते.

नवरा-बायकोंपैकी एकाने दुसऱ्यापासून कर्ज, तोटा, खर्च किंवा मिळकत जाणूनबुजून लपवणं, याला हल्ली आर्थिक बेइमानी म्हणतात. विसरून गेलेली मुदतठेव त्यात मोडत नाही. नवऱ्याने शर्ट दोन हजारांना घेतला आणि बाराशे सांगितले, यावरही कुणी घर मोडू नये. बेइमानी सुरू होते ती सरळ प्रश्नाला खोटं उत्तर दिलं तिथून, आणि त्या खोट्याचं ओझं दुसऱ्याच्याही डोक्यावर येणार असतं तिथून.

डाळीच्या डब्यातल्या पैशांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीनंतर कित्येक घरांत साड्यांच्या घड्यांतून, डब्यांतून पाचशे-हजारच्या नोटा बाहेर आल्या आणि घरच्या कर्त्या पुरुषाने त्या पहिल्यांदाच पाहिल्या. त्याला बेइमानी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जिथे भाजीच्या सुट्ट्या पैशांचाही हिशेब बाईकडून मागितला जातो, तिथे ती पुंजी म्हणजे अडीनडीचा आधार असतो, आणि लपवाछपवीचं मूळ मागणाऱ्याच्या वागण्यात असतं. उलट, बायकोला न सांगता मित्राच्या चार लाखांच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस एक रुपयाही उधळत नाही, तरी तो तिच्या संसाराची मान अडकवून आलेला असतो. त्यामुळे रक्कम मोजण्याआधी एवढं पाहावं: लपवलेल्या गोष्टीमुळे दुसऱ्याचं काही गेलं का, किंवा जाणार आहे का?

हे सगळं चैनीपायी होतं असा एक समज आहे. प्रत्यक्षात कारण बरेचदा लाज असतं. धाकट्या बहिणीच्या लग्नाला ‘मी बघतो’ म्हणून बसलेला भाऊ, नोकरी गेली हे तीन महिने घरी न सांगता रोज डबा घेऊन बाहेर पडणारा माणूस, मोबाइलवर रमीत हरलेला तरुण, ही सगळी त्याच वाटेवरची माणसं. रमीसारख्या पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायद्याने बंदी आणली, पण त्याआधी काढलेली कर्जं कायद्याने फिटत नाहीत. शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सचंही तसंच. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला होता आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. एवढी माणसं हरली, तर ‘मी हरलो’ हे घरी न सांगितलेलीही त्यात कमी नसणार.

ही साखळी कशी वाढते ते पाहण्यासारखं आहे. पहिला तोटा बचतीतून भरला जातो. दुसऱ्यासाठी वैयक्तिक कर्ज काढलं जातं. त्याचा हप्ता पगारातून जायला लागला की घरखर्चात खड्डा पडतो, तो क्रेडिट कार्डाने बुजवला जातो. कार्डाचं बिल थकलं की सोनं जातं, मग कंपनीच्या पतसंस्थेचं कर्ज येतं आणि शेवटी मोबाइलवरचं पाच मिनिटांत मिळणारं कर्ज किंवा गल्लीतला सावकार. प्रत्येक नवं कर्ज आधीचं लपवण्यासाठी असतं. त्यामुळे एकूण आकडा विचारला तर त्या माणसाला तो खरोखरच सांगता येत नाही, कारण बेरीज करायचं धाडस त्याने स्वतःही केलेलं नसतं.

बायकांच्या बाजूला वाट वेगळी असते. भिशी बुडते. माहेरी भावाला धंद्यासाठी दिलेले पैसे परत येत नाहीत. वस्त्यांतून आणि गावांतून गटकर्ज देणाऱ्या सूक्ष्मवित्त संस्थांचं कर्ज बहुधा बाईच्या नावावर असतं आणि वसुलीची बैठक भरदुपारी, नवरा कामावर असताना होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत सूक्ष्मवित्तासाठी नवरा, बायको आणि अविवाहित मुलं असं कुटुंब एक धरलेलं आहे, आणि त्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. कागदावर कुटुंब एक. प्रत्यक्षात नवऱ्याला कर्जाचा पत्ता तिसऱ्या गटानंतर लागतो.

आता खुणा. मोबाइल उपडा ठेवणं, चिडचिड, झोप उडणं हे कशामुळेही होऊ शकतं, त्यावरून निष्कर्ष काढू नये. कागदाच्या खुणा जास्त बोलक्या. बँकेचा पत्रव्यवहार घराऐवजी ऑफिसच्या पत्त्यावर वळतो. पूर्वी सहज टेबलावर पडणारं पगारपत्रक दिसेनासं होतं. त्यात ‘पतसंस्था’ नावाची कपात असेल तर ती कशाची हे विचारलं जाईल ना! पगार ‘उशिरा’ होऊ लागतो. पीएफमधून उचल घेतलेली असते. लॉकर उघडला की बँकेने त्याच दिवशी नोंदवलेल्या मोबाइलवर संदेश पाठवायचा असतो, पण खातं दोघांचं असूनही नंबर एकाचाच नोंदवलेला असतो. आणि एक दिवस अनोळखी नंबरवरून तुम्हालाच फोन येतो, ‘अमुक तुमचे कोण?’ कर्जाच्या अर्जात तुमचा नंबर ओळखीखातर दिलेला असतो. (वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.)

संशय आला की पहिला मोह होतो तो दुसऱ्याचा मोबाइल उघडून ओटीपी टाकण्याचा. तो टाळावा. परवानगीशिवाय कुणाच्या खात्यात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि मग भांडण पैशांवरून सरकून ‘तू माझा मोबाइल उघडलास’ यावर जातं. लपवणाऱ्याला तेच हवं असतं. सरळ म्हणावं: ‘रविवारी दोघांचे क्रेडिट रिपोर्ट काढू. आधी माझा.’ स्वतःपासून सुरुवात केली की नाही म्हणणं अवघड जातं. तरीही ठाम नकार आला, तर ते उत्तरच समजा.

भारतात कर्जांची माहिती गोळा करणाऱ्या चार संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. लोक त्यावरचा तीन आकडी गुणांक बघतात आणि पान मिटतात. गुणांक सोडून द्या, खात्यांची यादी वाचा. प्रत्येक कर्जापुढे ते कधी घेतलं, मूळ रक्कम किती, आज बाकी किती हे असतं. ‘ओनरशिप’च्या रकान्यात ‘गॅरंटर’ लिहिलेलं दिसलं, तर ते जामिनकीचं कर्ज. खाली महिन्यांच्या चौकटी असतात. ‘०००’ म्हणजे हप्ता वेळेवर, ‘०३०’ म्हणजे तीस दिवस थकलेला. चौकट कोणत्या महिन्यापासून बिघडली ते पाहिलं की अडचण कधी सुरू झाली हे कुणी न सांगताही कळतं. शेवटी ‘एन्क्वायरी’ची यादी असते, म्हणजे कर्जासाठी कुठेकुठे अर्ज केले ते. एका महिन्यात सहा अर्ज दिसले, तर माणूस किती घाईला आला होता ते समजावं. बँका आणि बिगरबँक वित्तसंस्थांकडची सोनेतारण कर्जंही इथे दिसतात.

काय दिसत नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. अनेक पतसंस्थांची कर्जं, हातउसने, भिशीची देणी आणि सावकाराचे पैसे या अहवालात येत नाहीत. पतसंस्थेचा माग पगारपत्रकात लागतो. सावकाराचा मात्र कुठेच लागत नाही. त्याने सहीचे कोरे धनादेश घेऊन ठेवलेले असतात का, हे विचारूनच कळतं. सावकार परवानाधारक आहे का तेही पाहावं, कारण महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली बेकायदा सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

गावी जमीन असेल तर सातबारा ऑनलाइन काढून ‘इतर हक्क’ हा रकाना पाहावा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथे चढलेला असतो. फ्लॅटसाठी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, शोधता येतो, आणि घर कुणाकडे गहाण आहे का हे थोडं शुल्क भरून सेरसाई या केंद्रीय नोंदवहीत पाहता येतं. प्राप्तिकराच्या पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, यात ठेवींचं व्याज, लाभांश, शेअर-म्युच्युअल फंडांचे व्यवहार एकत्र दिसतात. लपवलेलं कर्ज शोधायला क्रेडिट रिपोर्ट आणि लपवलेली मिळकत शोधायला एआयएस, असं ढोबळ गणित.

हे कागद समोर आले की खरं काम सुरू होतं, आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं. लपवणारा माणूस एकदम सगळं सांगत नाही. आधी ‘साडेचार लाख आहेत’ म्हणतो. पंधरा दिवसांनी कार्ड निघतं, महिन्याने सोनं, त्यानंतर मित्राचे पन्नास हजार. समोरचा पहिला धक्का कसाबसा पचवतो. चौथ्या धक्क्याला त्याच्यात काही उरत नाही. मला विचाराल तर एकरकमी नऊ लाखांपेक्षा चार हप्त्यांत कळलेले पाच लाख संसाराला जास्त महाग पडतात. म्हणून लपवणाऱ्याला आठ दिवस द्यावेत आणि स्पष्ट सांगावं: एकच यादी हवी, तुझ्या हाताने लिहिलेली, प्रत्येक ओळीपुढे कागद जोडलेला. त्या यादीबाहेरचं काही नंतर निघालं, तर ते नवं खोटं धरलं जाईल.

समजा, ती यादी अशी निघाली. वैयक्तिक कर्ज ४,३५,०००, दर १६ टक्के. क्रेडिट कार्ड १,४०,०००. सोनेतारण १,६०,०००, दर १२ टक्के. पतसंस्था २,००,०००, दर १३ टक्के. मित्राचे ५०,०००, बिनव्याजी. एकूण ९,८५,०००. मनाला सगळ्यात जास्त टोचतं सोनं, आणि घरात पहिली मागणी तीच येते: आधी दागिने सोडव. पण कार्डाकडे पाहा. महिना साडेतीन टक्के दराने १,४०,००० वर व्याज झालं ४,९००. त्यावर १८ टक्के जीएसटी ८८२. म्हणजे महिन्याला ७,००० भरले तरी ५,७८२ असेच जातात आणि मुद्दल जेमतेम १,२१८ ने उतरतं. सोन्यावरचं व्याज महिन्याला १,६००. घरात सात टक्क्यांची दीड लाखाची मुदतठेव असेल तर तिच्यातून महिन्याला ८७५ रुपये येतात. ती मोडून कार्ड बंद करणं शहाणपणाचं. सोन्याचं व्याज भरत राहावं, म्हणजे लिलावाची नोटीस येत नाही, आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. मित्राला तारीख देऊन थांबवावं. धनादेश दिलेले असतील तर मात्र त्यांना पुढचा नंबर. धनादेश न वटणं हा कलम १३८ खाली गुन्हा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सेटलमेंटचे फोन येतील: ‘दोन लाख भरा, बाकी माफ.’ ऐकायला गोड, पण अहवालात ते खातं ‘सेटल्ड’ म्हणून राहतं आणि पुढची काही वर्षं गृहकर्ज मिळणं अवघड होतं. झेपत असेल तर पूर्ण फेडून ‘क्लोज्ड’ करावं. सगळी कर्जं गोळा करून एक मोठं कर्ज घ्यायचा सल्लाही मिळेल. दर खरोखर कमी पडत असेल आणि जुनं कार्ड कापून टाकलं असेल तरच तो ऐकावा. नाहीतर वर्षभरात नवं कर्ज आणि पुन्हा भरलेलं कार्ड, दोन्ही उभी राहतात.

फसवल्या गेलेल्या जोडीदाराने एक गोष्ट पक्की करावी. नवऱ्याने एकट्याच्या नावावर घेतलेल्या बिनतारण कर्जाला बायको केवळ बायको म्हणून बांधील नसते, आणि बायकोच्या अशा कर्जाला नवराही नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही असेल तरच. जामीनदाराची जबाबदारी मात्र करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे कर्जदाराइतकीच असते. म्हणून वसुलीवाला दारात उभा असताना, शेजारी बघतायत म्हणून, घाईत कुठल्याही नव्या कागदावर सही करू नये. मदत करायची तर पैशांनी करा, सहीने नको.

दागिन्यांबाबत कायदा स्वच्छ आहे. प्रतिभा राणी खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधनावर पूर्ण मालकी बायकोचीच. एप्रिल २०२४ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने हे पुन्हा अधोरेखित केलं. त्यात पहिल्याच रात्री नवऱ्याने दागिने ‘सांभाळायला’ घेऊन आपल्या आईकडे दिले होते. न्यायालयाने नवऱ्याला २५ लाख रुपये बायकोला द्यायला लावले. अडचणीत नवरा ते सोनं वापरू शकतो, पण परत करायची जबाबदारी त्याची राहते, असंही न्यायालय म्हणालं. तेव्हा यादीत सोनेतारणाच्या दोन ओळी हव्यात: एक वित्तसंस्थेचं देणं, दुसरी बायकोचं देणं. ग्रॅमसकट.

आता विश्वासाचं. ‘पुन्हा असं करणार नाही’ या वाक्याला मी फारशी किंमत देत नाही. ते आधीही बोललेलं असतं. त्यापेक्षा रचना बदलावी. घरखर्चाचं खातं दोघांच्या नावावर आणि व्यवहाराचे संदेश दोघांच्या मोबाइलवर. यूपीआय अ‍ॅपमधली ऑटोपेची यादी आणि बँकेतले मँडेट दोघांनी बसून पाहिलेले. दर तीन महिन्यांनी दोघांचे क्रेडिट रिपोर्ट. जानेवारी २०२५ पासून बँकांना दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे नवं कर्ज फार दिवस दडून राहत नाही. आणि महिन्यातून एकदा, पगार झाल्यावर, तासभर हिशेब. त्या तासात रागावून घ्यावं, जुने प्रश्न पुन्हा विचारावेत, आणि लपवणाऱ्याने ते ‘किती वेळा तेच’ न म्हणता ऐकावेत. एरवी, पोळी वाढताना आणि मुलांसमोर, विषय बंद. याची गरज समजते ती ज्या घरात रोज रात्री जेवणावर तोच विषय निघतो तिथे.

याच्या जोडीला दोघांच्या हातात थोडे पैसे असे हवेत, ज्यांचा हिशेब कुणी विचारणार नाही. दोन हजार असोत की पाच. सगळंच उघडं केलं की माणूस पुन्हा लपवायची जागा शोधतो. नातेवाइकांना किती सांगायचं हेही आधी ठरवावं. दोघांना मान्य असलेल्या एकाच वडीलधाऱ्याला सांगितलेलं पुरतं. सासर-माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत गेलेली गोष्ट कर्ज फिटल्यावरही फिटत नाही.

कर्ज उघडं पडल्यावरचे पहिले काही दिवस वाईट असतात. ‘मी नसतो तर बरं झालं असतं, विम्याचे पैसे तरी आले असते’ असं बोलणं निघालं, तर हिशेब तिथेच बाजूला ठेवावा, माणसाला एकटं सोडू नये आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं. जुगाराची किंवा ट्रेडिंगची ओढ सुटत नसेल तर तिच्यावर मानसोपचारतज्ज्ञाकडे उपचार होतात. कर्ज फेडून ती ओढ जात नाही, फक्त पुढच्या डावाला जागा मोकळी होते.

काही घरांत मात्र दुरुस्तीची भाषाच लागू होत नाही. पगार काढून घेणं, एटीएम कार्ड हिसकावणं, धाक दाखवून कागदांवर सह्या घेणं, दागिने परस्पर विकणं हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ या नावाने आहे. तिथे रविवारच्या हिशेबाच्या बैठकीचा उपयोग नाही. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक १५१००. पैसे लपवणं हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं स्वतंत्र कारण नाही. त्यातून क्रूरता झाली हे दाखवावं लागतं. पोटगीच्या दाव्यात मात्र रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यामुळे घरात न उलगडलेली यादी तिथे शपथेवर उलगडते.

जिथे फेड चालू आहे, तिथे शेवटच्या हप्त्यानंतर बरेच जण हुश्श म्हणून थांबतात. त्यानंतरही चार कामं उरतात. प्रत्येक कर्जाचं ना-हरकत पत्र घ्यावं, ऑटो-डेबिटचा मँडेट रद्द करावा, सावकाराकडचे कोरे धनादेश परत घेऊन फाडावेत, जामीनदारांना त्यांची सुटका झाल्याचं कळवावं. घराचे मूळ कागद पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही, बँकेचं पत्र घेऊन फेरफारासाठी अर्ज करावा लागतो. महिना-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढावा. खातं अजून उघडं दिसत असेल तर लेखी तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.